नोकरी सोडल्यावर 'दोन वर्षं याच धंद्यात जायचं नाही' : बडोदेकरांनो, तुमचे अनुभव?

मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनला आठ वर्षं आहे. ऑफर लेटरच्या सातव्या पानावर एक ओळ आहे : नोकरी सोडल्यावर दोन वर्षं गुजरातेत दुसऱ्या ट्रान्सफॉर्मर कंपनीत काम करणार नाही. सही करताना कोण सातवं पान वाचतं? आता वाघोडियाहून बोलावणं आलंय, आणि एचआरनं नेमक्या त्याच पानाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. मला दुसरं येतं काय? सेव-उसळची लारी लावू? स्वतः यातून गेलेल्यांनीच लिहा, ऐकीव नको.

रावपुरा
मला नोटीस आली होती. रजिस्टर्ड एडी, ऐन गणपतीच्या दिवशी. सही सासूबाईंनी केली आणि आरती होईपर्यंत पाकीट पदराआड ठेवलं. वकिलांनी एकच विचारलं, "तुम्ही दुकान विकलंत की नोकरी सोडलीत?" १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ : कुणाला कामधंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंदा गुडविलसकट, म्हणजे नावलौकिकासकट, विकला असेल तर वाजवी बंधन चालतं. नोकरदाराला ते लागू नाही. एक पानी उत्तर धाडलं. चार वर्षं झाली, पुढे चकार शब्द नाही.

मांजलपूर
वरचं खरं, पण नोकरी *सोडल्यावर*. करार चालू असताना गोष्ट वेगळी. १९६७चा गोलिकरी खटला बघा : पाच वर्षांचा करार, मुदतीच्या आत माणूस राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला, सुप्रीम कोर्टानं त्याला अडवलं. मी शहाणा नोटीस पीरियडमध्येच नव्या ऑफिसात जाऊन बसायचो. जुन्या साहेबांनी पार्किंगमध्ये स्कूटर ओळखली. पुढचं काय सांगायचं!

नंदेसरी
माझ्यावर तर स्पर्धेचं कलम लावलंच नाही, गोपनीयतेचं लावलं. जायच्या आठवड्यात ग्राहकांची यादी आणि भाव स्वतःच्या जीमेलवर पाठवले होते. हेतू काही नव्हता, सवय. पण तारीख-वेळेसकट ईमेल समोर ठेवल्यावर हेतू कोण ऐकतो? त्यांच्या माणसासमोर एकेक मेल डिलीट केला, लेखी हमी दिली, तेव्हा सुटलो. डोक्यातलं कसब तुमचं, कंपनीचे कागद कंपनीचे.

दांडिया बाजार
बाँडवाल्यांनी गाफील राहू नका, ते प्रकरण निराळं. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेची अट वैध धरली : तीन वर्षांआधी सोडलं तर दोन लाख. म्हणजे पैसे भरा आणि जा, कुठंही जा. माझ्या मुलाच्या बाँडवर पाच लाख होते, ट्रेनिंग जेमतेम तीन आठवड्यांचं. कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते, लिहिलेला आकडा ही वरची हद्द, असं वकिलाकडून कळवल्यावर सत्तर हजारांत मिटलं.

अलकापुरी
कोर्टाबिर्टात कुणी गेलं नाही हो. रिलिव्हिंग लेटर तीन महिने दाबून ठेवलं, तेवढ्यात नवी नोकरी हुकली. कलम २७ काय चाटायचंय?

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. नोटीस पीरियड साठ दिवसांचा, पुरता भरणार. राजीनामा ईमेलनंच देणार. आणि नंदेसरीकर, तुमचं वाचून कपाट उपसलं. एक पेनड्राइव्ह निघाला, २०१९ची ड्रॉइंगं. सोमवारी नेऊन देतो, पोच घेतो.