भरपाई मालकांना, गुलामांना नाही

'१८३३ च्या कायद्याने ब्रिटनने पदरचे पैसे घालून गुलाम सोडवले' असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. पैसे घातले, पण गेले कुणाच्या खिशात? दोन कोटी पौंड, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या साधारण ४० टक्के, आणि सगळे मालकांना. गुलामांना दमडी नाही. उलट १८३४ मध्ये कागदोपत्री सुटलेल्यांना बहुतेक वसाहतींत 'अ‍ॅप्रेंटिस' ठरवून त्याच मळ्यांवर आठवड्याला ४५ तासांपर्यंत फुकट राबवलं. शिवाय कंपनी सरकारचा हिंदुस्थानातला मुलूख या कायद्यातून चक्क वगळला होता. इथे कायदा यायला १८४३ उजाडलं.

भरपाईचं पुढे काय झालं, हेही बघायला हवं. जॉन ग्लॅडस्टनचंच बघा (पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यमचे तीर्थरूप). अडीच हजारांवर गुलामांपोटी त्याने लाखभर पौंड उचलले आणि १८३६ मध्ये कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र टाकलं: दक्षिण अमेरिकेतल्या गयानातल्या मळ्यांसाठी मजूर पाठवा. १८३८ मध्ये दोन जहाजं भरून करारबद्ध मजूर तिथे उतरले. मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांनी तर त्याआधीच, १८३४ पासून, ही भरती सुरू केली होती. तिथले आजचे मराठी भाषक याच गिरमिटी (म्हणजे करारबद्ध) मजुरांचे वंशज. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारीला गुलामी संपल्याची आणि २ नोव्हेंबरला गिरमिटिये आल्याची, अशा दोन वेगवेगळ्या सार्वजनिक सुट्ट्या असतात.