अलैंगिकता : आकर्षण, इच्छा आणि कृती यांची गल्लत करू नका

'मी अलैंगिक आहे का?' हा प्रश्न पडलेल्यांसाठी आणि त्यांच्या जवळच्यांसाठी हा धागा. आपापल्या कहाण्या नकोत, उमगलेलं नेमकं लिहा.

*

आकर्षण म्हणजे अमुक एका माणसाशी शरीरसंबंध यावा असं वाटणं. कामेच्छा ही शरीराची भूक, तिला समोर कुणी लागतंच असं नाही. कृती म्हणजे प्रत्यक्षात काय केलं ते. अलैंगिकतेचा संबंध फक्त पहिल्याशी: असं आकर्षण कुणाबद्दलच न वाटणं. म्हणून कुणी हस्तमैथुन करतं, कुणाला मुलं असतात, कुणाला चुंबनही नकोसं होतं आणि तरी सगळे अलैंगिकच. ब्रह्मचर्य ठरवून पाळतात, हे ठरवून होत नाही.

*

वरच्यात भर घालते. प्रेमात पडणं हा आणखी वेगळा कप्पा. पुष्कळ अलैंगिक माणसं प्रेमात पडतात. जी पडत नाहीत ती अरोमँटिकही असतात. घट्ट भावनिक जवळीक झाल्यावरच ज्यांना आकर्षण वाटू शकतं, ती डेमी. यावर हमखास ऐकू येतं, "सगळ्यांचं तसंच असतं की!" नसतं. इतरांना अनोळखी व्यक्तीबद्दलही आकर्षण वाटू शकतं, मग ते थांबतात किंवा थांबत नाहीत. डेमी व्यक्तीला ते तेव्हा वाटतच नाही.

*

डॉक्टरांकडे जावं का? आधी एवढं तपासा: पहिल्यापासून असंच आहे, की अलीकडे बदललं? असलेली इच्छा ओसरली असेल तर जरूर जा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सच्या तपासणीबद्दल विचारा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते, पण त्या मनाने बंद करू नका. पहिल्यापासून असंच असेल आणि स्वतःला त्रास नसेल, तर हा आजार नाही. २०१३च्या डीएसएम-५मध्येही (मनोविकारांच्या निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकन पुस्तिका) म्हटलंय की आयुष्यभर इच्छा नसण्यामागे व्यक्तीची अलैंगिक ही ओळख असेल, तर विकाराचं निदान करू नये.

*

"लाखात एखादा" म्हणणाऱ्यांसाठी: २००४ साली संशोधक अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या १८ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. सुमारे १ टक्का लोकांनी कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटलं नसल्याचं सांगितलं होतं.

*

जोडीदाराशी बोलायचं तर दिवसा, बिछान्यापासून लांब बसून बोला. "मला आवडत नाही" एवढ्याने समोरच्याला "मीच आवडत नाही" असं ऐकू जातं. त्याऐवजी हात धरणं, मिठी, चुंबन, शेजारी झोपणं, संबंध असं एकेक घेऊन 'चालेल', 'कधीतरी', 'कधीच नाही' सांगा. बिघडतं ते 'कधीतरी'पाशी. मागच्या वेळचा होकार आजचा धरला जातो. दर वेळी विचारायचं आणि नकाराचं कारण मागायचं नाही, हे आधीच ठरवा. मिठीचंही तसंच. ती पुढच्या गोष्टीची सुरुवात समजली जाईल या धास्तीने माणूस मिठीच टाळू लागतो आणि दोघंही उपाशी राहतात. "मिठी म्हणजे फक्त मिठी" हे एकदा ठरलं की ती पुन्हा मोकळेपणाने मारता येते.