लोकल वाढली तशी गावं वाढली, हे कुठल्या सिनेमात-पुस्तकात नीट दिसतं?

दाजीपेठकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोलापुरात महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो, पुढच्या वेळचा विषय मी सुचवलाय, लोकल रेल्वे आणि तिच्यामागं वाढलेली उपनगरं, सिनेमा मालिका पुस्तकं सगळं चालेल. कारण असं की आमच्या भागात घरटी एक माणूस तरी भिवंडीला नाहीतर कल्याण-डोंबिवलीला आहे, इथल्या गिरण्या बंद पडल्या आणि लोक पोटापाण्यासाठी तिकडं गेले, आणि आम्हाला ती गावं दिसतात ती मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या खिडकीतून पहाटे डोळे चोळत. आता लोकलमधली गर्दी, भांडणं, प्रेम हे बऱ्याच ठिकाणी असतं, ते नकोय असं नाही, पण मला पाहिजे ते म्हणजे वाढ. शेतात स्टेशन कसं आलं, स्टेशन आल्यावर खोलीचं भाडं कसं चढलं, आधी कोण राहत होतं तिथं. असं कशात सापडेल? मराठी असेल तर उत्तमच, बाहेरचंही सांगा.

रूळबदल
सरळ असा विषय घेऊन केलेला सिनेमा शोधत बसू नका, त्यापेक्षा एक करा, नायकाचं घर कुठल्या स्टेशनला आहे आणि त्याला गाडीत बसायला मिळतं का एवढंच बघत जा. वाढ तिथं दिसते.

'बातों बातों में' घ्या, १९७९ चा, बासू चटर्जींचा. अमोल पालेकर आणि टीना मुनीम बांद्र्याहून चर्चगेटला जातात. तो समोर बसून तिचं चित्र काढतो! म्हणजे बसायला जागा आहे, कागद धरायला कोपर मोकळं आहे, समोरच्याचा चेहरा नीट दिसतोय. बांद्रा म्हणजे तेव्हा पुरेसं उपनगर होतं, साधी नोकरी करणारा माणूस तिथं राहू शकत होता. त्याच सुमाराला 'घरौंदा' आला, १९७७, त्यात परत पालेकर, आणि तिथं दोघांची सगळी धडपड एका फ्लॅटसाठी, आणि बिल्डर पैसे बुडवतो. हे दोन्ही एकापाठोपाठ बघा, शहर लोकांना रुळाच्या कडेकडेनं लांब का ढकलत गेलं ते न सांगता कळतं.

मग एकदम २००५, निशिकांत कामतांचा 'डोंबिवली फास्ट'. माधव आपटे बँकेतला माणूस आहे, कारकून असला तरी कायमची नोकरी, आणि तरी त्याचं घर डोंबिवलीत. सुरुवातीला तोच दिवस परत परत येतो, उठणं, डबा, गाडी, काम, गाडी, झोप, संकलन इतकं घट्ट की आपल्यालाच श्वास घ्यावासा वाटतो. आणि चित्र काढायला कोपर हलवायची सोय नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांत मध्यमवर्ग बांद्र्यावरून डोंबिवलीला गेला, म्हणजे अंतर वाढलं, आणि जागा मात्र गेली. माझ्या मते मराठीत वाढीवरचा सगळ्यात खरा सिनेमा हाच, त्यात वाढ हा शब्दही नसेल तरी.

माहेर_सोलापूर
मी लग्न होऊन कल्याणला गेले, नोकरी व्हीटीला, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. सगळे सिनेमे जेन्ट्स डब्यातनं बघितलेले असतात हो. बायकांच्या डब्यात काय चालतं ते वेगळंच जग आहे. मटार सोलणं, मेथी निवडणं, साड्या-ड्रेस मटेरियल हप्त्यावर घेणं, चौथ्या सीटवर अर्धं टेकून ठाण्यापर्यंत काढायचं, आणि चढल्या चढल्या कोण कुठं उतरणार ते विचारून सीट सांगून ठेवायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात तोरण लागतं, आरती होते, प्रसाद वाटतात, आणि ज्या बाईला नाव माहीत नाही तीसुद्धा आपल्या कपाळाला कुंकू लावते.

'लेडीज स्पेशल' नावाची मालिका २००९ ला एनडीटीव्ही इमॅजिनवर आली होती, ती बघा, चार बायकांची गाडीतली मैत्री. पहिली लेडीज स्पेशल पश्चिम रेल्वेनं १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली सोडली होती, म्हणजे बायका एवढ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडायला लागल्या होत्या की अख्खी गाडी द्यावी लागली. उपनगराची वाढ म्हणजे बायकांचा दुसरा पगार, त्याशिवाय कल्याणला फ्लॅटचा हप्ता कुणाला झेपलाच नसता. कट्ट्यावर हे जरूर बोला.

बाळीवेस
पुस्तकांचं राहिलं की. दोन सांगतो. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन', १८६३ चं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, लगेच पुढच्या वर्षी कल्याण गाठलं, म्हणजे हे पुस्तक निघालं तेव्हा आगगाडीला जेमतेम दहा वर्षं झालेली. लोक अजून गाडीला सरावले नव्हते तेव्हाचं मुंबईचं वर्णन एका मराठी माणसानं लिहून ठेवलंय हेच मोठं आहे. दुसरं, मर्ढेकर. विजेची लोकल १९२५ ला व्हीटी-कुर्ला धावली आणि स्वातंत्र्याच्या आसपासच्या त्यांच्या कवितेत अभंगाच्या ठेक्यावर चाकरमानी चहा घेऊन वीजगाडी गाठायला निघतो. वीसेक वर्षांत ती गाडी इतकी अंगवळणी पडली की कवितेत यायला लागली, आणि तीही भक्तीच्या छंदात. रूळबदल, तुम्ही म्हणता ते आपटेचं रोजचं रहाटगाडगं मर्ढेकरांनी आधीच दाखवलंय. सिनेमाच्या आधी कविता वाचा म्हणेन.

दाजीपेठकर
वा. मर्ढेकर तर घरातच आहेत, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण रूळ आधी की माणसं आधी, त्याचं काय?

कुर्डुवाडी_जंक्शन
त्याचं उत्तर लंडनमध्ये चांगलं मिळतं. तिथली मेट्रोपॉलिटन रेल्वे फक्त तिकीट विकत नव्हती, रुळाकडंची जमीन पण विकत होती, १९१९ ला त्यासाठी वेगळी कंपनीच काढली, आणि १९१५ पासून 'मेट्रो-लँड' नावाची माहितीपुस्तिका दरवर्षी छापायची, हिरवळ, बाग, स्वतःचं घर आणि शहरात जायला गाडी. म्हणजे आधी रूळ, मग जाहिरात, मग माणसं. जॉन बेट्जमन या कवीनं १९७३ साली बीबीसीसाठी यावरच माहितीपट केला. तो बेकर स्ट्रीटवरून निघतो, वाटेत घरं, क्लब, गोल्फ बघत जातो, आणि शेवटी व्हर्नी जंक्शनला पोचतो जिथं घरं आलीच नाहीत, नुसतं गवत. माझ्या माहितीत रेल्वे आणि वसाहत यावरचं सगळ्यात प्रेमानं केलेलं काम. तो कंपनीच्या स्वप्नाला हसत नाही, त्यात राहणाऱ्या माणसांनाही हसत नाही.

आपल्याकडं त्याच्या जवळचं उदाहरण नवी मुंबई. मानखुर्द-वाशी १९९२ ला सुरू झालं, आणि तिथल्या रेल्वेच्या खर्चात सिडकोनं ६७ टक्के घातले, रेल्वेनं ३३. शहर वसवणाऱ्यानंच रूळ टाकायला पैसे दिले, म्हणून वाशी-बेलापूरला स्टेशनवरच ऑफिसं आहेत. डोंबिवली-दिव्याकडं उलटं झालं, माणसं दाटली आणि वाढीव रूळ मागनं धावत आले.

आणि कुर्डुवाडीचा माणूस म्हणून बार्शी लाईट रेल्वेचं सांगितल्याशिवाय कसं जाऊ. १८९७ ला अडीच फुटी रुळावर कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, नंतर पंढरपूर, लातूर, मिरज. आमचं गाव त्या गाडीनंच मोठं झालं, वर्कशॉप, क्वार्टर, भोंगा. लोकलसारखी पाच-दहा मिनिटाला नव्हती, पण गाडीवर गाव उभं राहतं हे आमच्याइतकं कुणाला माहिताय.

खाडीपलीकडून
सगळं बरोबर आहे पण दाजीपेठकर, तुमचा शेवटचा प्रश्न, आधी कोण राहत होतं, त्यावर कुणी बोललंच नाही. आगरी-कोळी राहत होते. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी. सिडकोसाठी जमिनी गेल्या त्याला योग्य मोबदला पाहिजे म्हणून जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जासई-दास्तान फाट्याला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. वाशीच्या गाडीबद्दल बोलताना हे पाच जण आलेच पाहिजेत. लोकलवरच्या गोष्टीत नायक नेहमी बाहेरून आलेला भाडेकरू असतो, खिडकीतनं बघणारा. बांधावर उभं राहून गाडीकडं बघणारा माणूस फार कमी वेळा नायक होतो. 'झोंबिवली' (२०२२) भुताखेताचा वाटेल पण त्यात निदान नवे टॉवर आणि शेजारची वस्ती, दोघांचं पाणी, यावर सरळ भांडण आहे, म्हणून तो यादीत ठेवा. तरुण पोरं पण येतील त्या निमित्तानं.

रूळबदल
खाडीपलीकडून, मुद्दा पटला, एकदम. दाजीपेठकर, मग कट्ट्यावर आधी जासईचं सांगा आणि मगच सिनेमा लावा. 'डोंबिवली फास्ट' लावणार असाल तर रविवारी दुपारी ठेवा, त्यावर बोलायला वेळ लागतो, आणि तुमच्यातले निम्मे रात्रीच्या सिद्धेश्वरला पळणार.