मदत हवी आहे: मोटरहोमच्या हायड्रॉलिक टाकीला फिल्टर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये असतो. गेल्या हिवाळ्यात २००४ सालचं सेकंडहँड मोटरहोम घेतलं, मागे डिझेल इंजिन असलेलं. रेडिएटर बाजूला असल्याने पंखा पट्ट्यावर नाही, हायड्रॉलिक मोटरवर फिरतो. त्याच टाकीतलं तेल पॉवर स्टीअरिंगलाही जातं. म्हणजे तेलात कचरा झाला तर इंजिन तापणार आणि स्टीअरिंगही जड होणार. जुलैत मुलं आणि भारतातून येणारे आईबाबा यांना घेऊन कोलोराडोला जायचंय. डेन्व्हरहून निघालं की आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. आईबाबांना त्या घाटात रस्त्याकडेला उभं करायची माझी अजिबात तयारी नाही, म्हणून फिल्टर आताच बदलतोय.

अडचण अशी की जुन्या फिल्टरवरचा नंबर पुसलाय आणि आधीच्या मालकाकडे कागदपत्रं नाहीत. दुकानात आटे जुळणारे दोन मिळाले: एक कागदी, दुसरा काचतंतूंचा, बराच महाग. दोन्हींवर १० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलंय, मग फरक कशाचा? काउंटरवरचा माणूस म्हणाला, सक्शनच्या, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या, पाइपातही एक बारीक फिल्टर टाका. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे नीट सांगता येत नाही.

शिवाय तेल कुठलं भरू? डिपस्टिकवरचा थेंब टिश्यूवर टाकला तर मधे तपकिरी, कडेला लालसर दिसतो. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असेल का? (गाडी उभी केल्यावर समतल करणाऱ्या लेव्हलिंग जॅकचा पंप आणि टाकी वेगळी आहे, ती ठीक आहे.)

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

तुमची शंका बरोबर आहे, सक्शनला बारीक फिल्टर लावू नका. पंपाला तेल ओढताना अडथळा आला की तेलात पोकळ्या होतात, पंप कण्हायला लागतो आणि आतून खरवडला जातो. बारीक गाळणी तेल टाकीत परत येतं त्या लाइनवरच हवी.

आता १० मायक्रॉनचं. त्या आकड्यापेक्षा बीटा बघा, म्हणजे त्या आकाराहून मोठे किती कण फिल्टरपाशी येतात आणि त्यातले किती पार होतात याचं गुणोत्तर. १० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे त्याहून मोठे निम्मे कण पार होतात. बीटा ७५ म्हणजे पंचाहत्तरांतला एकच. कागदी फिल्टरवर बहुतेक वेळा बीटा दिलेलाच नसतो. मी काचतंतूंचाच घेईन. पण नुसते आटे जुळून चालत नाही. बायपास व्हॉल्व्ह (फिल्टरमधून तेल जाईना की त्याला वळसा घालून जाऊ देणारी झडप) तुमच्या टाकीवर फिल्टर बसतो त्या हेडमध्ये आहे की फिल्टरमध्ये, आणि किती दाबाला उघडतो, हे जुळलंच पाहिजे. गार तेल घट्ट असतं. बायपास नसेल तर फिल्टरच्या घड्या फाटून सगळा कचरा पुढे जातो. चॅसिस नंबर देऊन चॅसिस बनवणाऱ्या कंपनीकडून मूळ पार्ट नंबर मागवा.

लालसर कडा एटीएफकडे बोट दाखवते खरी, पण रंगावर विसंबू नका. काही गाड्यांच्या याच टाकीत १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल असतं. टाकीवरचा स्टिकर किंवा तीच कंपनी सांगेल. दोन्ही मिसळू नका.

आणि जुना फिल्टर फेकू नका. फिल्टर कटरने कापा, करवतीने नको, लोखंडाचा भुगा आत पडतो. घड्या उलगडून उन्हात धरा. काळे रबरी तुकडे दिसले तर होस आतून सुटतोय. पितळी चकाकी दिसली तर फिल्टर बदलून भागणार नाही, निघण्याआधी पंप तपासून घ्या. फोटो इथे टाका, बघून सांगतो.