जुलैत आई-बाबांसोबत लेक मिशिगन: आरव्हीसाठी कुठलं कॅम्पग्राउंड घ्यावं?

नेपरव्हिलकर:
नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. जुलैत आई-बाबा साताऱ्याहून येतायत. आम्ही दोघं, ९ आणि ५ वर्षांची पोरं, असे एकूण सहा जण. भाड्याने २५ फुटी क्लास सी आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घ्यायचा विचार आहे. आरव्ही याआधी कधी चालवलेली नाही. तंबू बाद, कारण आईला खाली बसून उठता येत नाही. बाबांना पहाटे पाचला चहा लागतो. बायकोची अट एकच, दार उघडल्यावर पाणी दिसलं पाहिजे.

मिशिगनच्या बाजूला तीन ठिकाणं काढलीत: हॉलंड, लडिंग्टन आणि स्लीपिंग बेअर. त्यात हॉलंडचं बीच कॅम्पग्राउंड फोटोत अगदी किनाऱ्याला टेकलेलं दिसतंय, घरापासून जवळही आहे. तेच घ्यावं का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

ग्रँडरॅपिड्सची_काकू:
आधी ते हॉलंडच्या बुकिंगचं बटण दाबू नका. फोटोत पाणी दिसतं, डांबर दिसत नाही. तिथलं बीच कॅम्पग्राउंड म्हणजे किनाऱ्याजवळचा डांबरी पार्किंग लॉट समजा. झाड नाही, शेजाऱ्याच्या खिडकीतून त्याचा टीव्ही दिसतो. जुलैच्या दुपारी त्या डांबरावर आई-बाबांना बसवणार कुठे? तरुण मंडळी दिवसभर पाण्यात असतात, त्यांना चालतं. त्याच पार्कात लेक मॅकाटावाच्या बाजूला दुसरं कॅम्पग्राउंड आहे, तिथे सावली आहे. बीच मात्र चालत जरा लांब. हॉलंडच घ्यायचं तर ते घ्या.

माझं मत विचाराल तर लडिंग्टन. एका अंगाला लेक मिशिगन, दुसऱ्या अंगाला हॅमलिन लेक, आणि हॅमलिनचं पाणी मोठ्या तळ्यात नेणारी सेबल नदी मधून वाहते. हे नुसतं सौंदर्यासाठी सांगत नाहीये. लेक मिशिगनचं पाणी जुलैतही लहरी असतं. वारा जमिनीकडून तळ्याकडे वाहू लागला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. काल पोरं डुंबत होती आणि आज पाय घातला तर बर्फ, असं होतं. हॅमलिन उथळ आहे, लवकर तापतं. तुमच्या पाच वर्षांच्या पोराला तेच बरं. नदीत ट्यूब टाकून वाहत जाणं हा पोरांचा दिवसभराचा उद्योग होतो.

लडिंग्टनला पाइन्स, सीडर आणि बीचवुड अशी वीजवाली तीन कॅम्पग्राउंड आहेत. पाइन्स मोठ्या तळ्याकडे, बीचवुड हॅमलिनकडे. पण खरी निवड पार्कची नसते, साइटच्या, म्हणजे गाडी लावायच्या जागेच्या, नंबरची असते. बुकिंगच्या नकाशावर आधी संडास-बाथरूमची इमारत शोधा. आरव्हीत संडास असतो हे मला माहीत आहे. पण सहा माणसांनी तोच वापरला तर टाकी किती लवकर भरते ते भाड्याने देणारा सांगत नाही, आणि मिशिगनच्या स्टेट पार्कांत बहुतेक साइटना सांडपाण्याची जोडणी नसते. टाकी रिकामी करायला गाडी काढून डंप स्टेशनवर जावं लागतं. म्हणून इमारतीपासून दोन-तीन साइट सोडून जागा घ्या. अगदी लगत नको, रात्रभर दार आपटतं आणि दिव्याचा उजेड थेट खिडकीत.

पाणी दारातून दिसायची अट मात्र सुनबाईंना सोडायला लावा. संध्याकाळी चालत किनाऱ्यावर जा, जून-जुलैत सूर्य साडेनवाच्या आसपास मावळतो. जेवून निघालात तरी मिळतो.

डिझेलभाऊ:
काकूंना अनुमोदन. मी गाडीचं बोलतो.

३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॅट, संपलं. एसी चालू, त्यात इंडक्शनवर कुकर आणि कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की ब्रेकर पडलाच. स्वयंपाक गॅसवर किंवा बाहेर करा. गाडीची उंची फुटात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. ड्राइव्ह-थ्रूची कमान आणि पेट्रोल पंपाचं छप्पर लक्षात राहत नाही. मागे घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे, आणि तो आरशात दिसला पाहिजे. बाबांना ते काम द्या, खूश होतील.

रस्ता सोपा आहे: आय-९४ महामार्ग, मग आय-१९६, हॉलंडपासून यूएस-३१ थेट लडिंग्टनपर्यंत. पण वेळेला कारचा हिशोब धरू नका. मिलवॉकीकडचं कुणी हे वाचत असेल तर तळ्यापलीकडच्या मॅनिटोवॉकहून ‘बॅजर’ बोट लडिंग्टनला जाते, चार तास लागतात, आरव्हीही चढते.

आणि सरपण घरून नेऊ नका. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा किडा, म्हणजे एमराल्ड ॲश बोरर, २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला तेव्हापासून मिशिगनवाले लाकडाबाबत कडक आहेत. तिथेच विकत घ्या.

तळ्याकाठचा_पाखरू:
स्लीपिंग बेअरबद्दल कुणी बोललं नाही. ते नॅशनल लेकशोर, म्हणजे केंद्र सरकारचं पार्क आहे, स्टेट पार्क नाही, बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर. डी. एच. डे कॅम्पग्राउंडमधून किनारा दोन पावलांवर, पण वीज नाही, शॉवर नाही, खड्ड्याचे संडास. आईंसाठी नको. प्लॅट रिव्हरला वीजवाल्या साइट आणि शॉवर आहेत. दृश्य म्हणाल तर लडिंग्टन त्याच्या पासंगालाही पुरत नाही, माफ करा काकू.

ग्रँडरॅपिड्सची_काकू:
पाखरू, दृश्य मान्य. पण ते बघायला वाळूची टेकडी चढावी लागते, आणि चढून गेलं तरी तळं बरंच पुढे असतं. आईंच्या गुडघ्यांचं काय? गाडीतून फिरायचा पिअर्स स्टॉकिंग रस्ता आहे, तो छानच आहे, पण २५ फुटी धूड घेऊन तिथल्या वळणांवर नवशिक्याने जाऊ नये.

नेपरव्हिलकर:
सगळ्यांचे आभार. बायकोला पटवलं (अर्धवट). लडिंग्टन ठरतंय. तीन शंका: बुकिंग कधी उघडतं? आईला तिथला बिग सेबल दीपस्तंभ बघायचाय, ते जमेल का? आणि पहाटे पाचच्या चहाचं काय करू, शांततेची वेळ असते म्हणे.

ग्रँडरॅपिड्सची_काकू:
स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, सकाळी ८ ला, आमच्या मिशिगनच्या घड्याळाप्रमाणे. तुमच्याकडे तेव्हा ७ वाजलेले असतात, हे विसरून दरवर्षी शिकागोकर रडत असतात. शुक्रवार-शनिवार काही मिनिटांत संपतात. रविवार ते गुरुवार बघा, नाहीच मिळालं तर रद्द झालेल्या साइटची सूचना लावून ठेवा. इलिनॉयची नंबरप्लेट असल्याने रिक्रिएशन पासपोर्टचे, म्हणजे पार्कात गाडी न्यायच्या पासचे, पैसे वेगळे पडतील.

बिग सेबलचा दीपस्तंभ १८६७ चा, ११२ फुटी. वाट जेमतेम दोन मैल पण वाळूची, सावली कमी. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी तिथवर बस सोडतात, त्या तारखा बघूनच मुक्काम ठरवा. वर चढायची गरज नाही, खालून आईंना पुरेसा दिसतो. किनाऱ्यावर फिरायला पट्ट्याच्या चाकांची ट्रॅकचेअर (वाळूत चालणारी चाकखुर्ची) पार्काकडून फुकट मिळते, पण आधी फोन करावा लागतो.

किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, हे बाबांनाही सांगून ठेवा. लाल झेंडा असला तर पोरांना पाण्यात सोडू नका. दोन लाल असले तर पाण्यात जायला बंदीच असते. धक्क्याजवळ तर कधीच नाही, तिथे भिंतीच्या कडेने प्रवाह आत ओढतो.

शांततेची वेळ रात्री १० ते सकाळी ८. चहाचा आवाज होत नाही, कुकरच्या शिट्टीचा होतो. पोहे करा.

डिझेलभाऊ:
पाचला जनरेटर मात्र नको. तुमच्या साइटला वीज असेल, त्यामुळे प्रश्न येऊ नये. पण भाड्याच्या गाड्यांत सुरू करायचं बटण दाराजवळच असतं आणि पोरं ते दाबतात.