'फेरोमोन परफ्यूम'च्या बाटलीत नेमकं काय असतं?

मंजिष्ठा

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हल्ली वर्गातली मुलं खाऊचे पैसे साठवून 'फेरोमोन परफ्यूम' मागवतात. फेरोमोन म्हणजे एका प्राण्याने सोडलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याचं वागणं बदलणारा रासायनिक संकेत. जाहिरात सांगते, दोन थेंब मानेला लावा, समोरची मुलगी आपोआप ओढली जाईल, का ते तिलाही कळणार नाही. हे मला दोन कारणांनी खुपतं. एक तर ते खोटं आहे. आणि समोरच्या मुलीला पत्ता लागू न देता तिचं मन वळवता येतं, ही कल्पना सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पैसे घेऊन भरली जाते आहे. दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त राग येतो.

माझं मत सरळ मांडते. माणसाचा एकही फेरोमोन आजवर सिद्ध झालेला नाही. बाटलीवर तो शब्द छापणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि ती बंद व्हायला हवी.

'फेरोमोन' हा शब्द १९५९ साली कार्लसन आणि ल्यूशर यांनी सुचवला. त्याच वर्षी जर्मनीत बुटेनांट यांच्या गटाने रेशमाच्या पतंगाच्या मादीतून 'बॉम्बिकॉल' वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्यासाठी वीसेक वर्षं गेली, सुमारे पाच लाख माद्या लागल्या आणि हाती आलं ते काही मिलिग्रॅम. पण त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. रेणू ओळखला, प्रयोगशाळेत बनवला, आणि तो बनवलेला रेणू नुसता जवळ नेला तरी नर पतंग पंख फडफडवू लागला. सस्तन प्राण्यांतही असं आहे. नर डुकराच्या लाळेत अँड्रोस्टेनोन असतं. त्याचा फवारा मारला की माजावर आलेली मादी जागच्या जागी उभी राहते, आणि कृत्रिम रेतन करणारे तो फवारा रोजच्या कामात वापरतात.

माणसाच्या बाबतीत या पायऱ्या कुणी चढलंच नाही. जाहिरातींत ज्यांची नावं येतात ती अँड्रोस्टाडिएनोन आणि एस्ट्राटेट्राएनॉल ही संयुगं १९९१ साली पॅरिसच्या एका परिषदेतून पुढे आली. परिषदेला पैसा एरॉक्स या कंपनीचा होता आणि संयुगंही तिनेच पुरवली होती. ती माणसाच्या शरीरात कशी सापडली, हजारो संयुगांतून हीच का निवडली, याचा खुलासा त्या शोधनिबंधात नव्हता. तरी पुढची पंचवीस वर्षं अनेक संशोधकांनी तीच संयुगं वापरली. ऑक्सफर्डचे ट्रिस्ट्रम वायट यांनी २०१५ साली हा सगळा इतिहास उकलून दाखवला. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने या दोन्ही संयुगांची चाचणी घेतली. संयुग हुंगवून लोकांना चेहरे दाखवले, चेहरा पुरुषाचा वाटतो की बाईचा, किती आकर्षक वाटतो ते विचारलं. काहीही फरक पडला नाही.

तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असली तर जास्तच.

गंधार

मॅडम, बाटल्यांचं जाऊ द्या, त्या मीही विकत घेणार नाही. पण बाटली खोटी निघाली म्हणून नाक खोटं ठरत नाही, आणि तुमच्या लेखाचा सूर तिकडे झुकतोय.

१९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्नला क्लॉस वेडेकिंड यांनी केलेला प्रयोग बघा. ४४ तरुणांना दोन रात्री सुती टी-शर्ट घालून झोपायला सांगितलं, अत्तर आणि सुगंधी साबण बंद. ४९ मुलींनी ते टी-शर्ट हुंगले. ज्यांची रोगप्रतिकाराची जनुकं, म्हणजे एमएचसी, आपल्याहून वेगळी होती, त्या मुलग्यांचा वास मुलींना अधिक आवडला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींत कल नेमका उलटा. वेगळ्या जनुकांचा जोडीदार मिळाला तर मुलांची प्रतिकारशक्ती व्यापक होते, म्हणजे निसर्गाकडे तसं करायला कारणही आहे.

आपल्याकडे तर हे फार जुनं ज्ञान आहे. यमुनाकाठी कुठून तरी येणाऱ्या सुगंधाचा माग काढत शंतनू सत्यवतीपर्यंत पोचला. आणि आज? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला दोघंही डिओ फवारून बसतात, अर्ध्या तासात पत्रिका, पगार, फ्लॅट सगळं कळतं, आणि ज्या माणसाशेजारी आयुष्यभर झोपायचं त्याचा वास तेवढा कळत नाही.

उत्तरा

सत्यवतीचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. ती मुळात मत्स्यगंधा. अंगाला माशांचा वास येई म्हणून लोक दूर राहत. योजनभर पसरणारा सुगंध तिला पराशरांच्या वराने मिळाला. शंतनू ज्यावर भाळला तो तिचा नैसर्गिक देहगंध नव्हताच.

मंजिष्ठा

@गंधार, टी-शर्टचा प्रयोग मलाही आवडतो. पण त्यानंतर तसे अनेक प्रयोग झाले, काहींत असाच कल दिसला, काहींत दिसला नाही. २०२० साली ते सगळे एकत्र करून पाहिले तेव्हा एमएचसीच्या वेगळेपणाचा आणि वासाच्या आवडीचा ठोस संबंध उरला नाही.

आणि क्षणभर धरू की वेडेकिंड बरोबर होते. त्याचा अर्थ काय? एका मुलीला ज्याचा वास आवडला तो दुसरीला आवडेलच असं नाही, कारण तिची जनुकं वेगळी. फेरोमोन याच्या नेमका उलट असतो. तो त्या जातीच्या सगळ्यांवर सारखाच चालतो. तुमचा पुरावा खरा मानला तर सर्वांना आकर्षून घेणारी बाटली बनणं तत्त्वतःच अशक्य होतं!

वऱ्हाडी कास्तकार

राजेहो, फेरोमोन काय असते ते पाहाचं असन तर आमच्या वावरात या. मी यवतमाळ जिल्ह्यात कपाशी करतो. पऱ्हाटी दीड महिन्याची झाली की कामगंध सापळे लावतो, हेक्टरी पाच. आत ल्यूर, म्हणजे वासाचं आमिष असते, त्यात गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध, कारखान्यात बनवलेला. रात्री नर पतंग येतात न् पिशवीत अडकतात. मादी एकही येत नाही. घाटेअळीचा पतंगही त्यात येत नाही, त्याचं ल्यूर येगळं. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले का फवारणीचा निर्णय घ्या, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे त्या वासावर आम्ही पैशाचा हिशोब करतो.

आता तर मीलनात अडथळा आणायचं तंत्रही आलं आहे. ठरावीक अंतरावरच्या झाडांना तोच गंध बांधून ठेवायचा. सगळ्या वावरात मादीचा वास, मग नराला खरी मादी कुठं हाय तेच उमगत नाही. जोड्या जमत नाहीत, अंडी कमी पडतात, डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्यानं नीट न उमललेली फुलं, कमी दिसतात.

नराला यात निवड नाही. वास आला का तो येणारच, मराले का होईना. माणसात असं काही असतं तर दादर स्टेशनवर एक बाटली फुटली असती न् गाड्या थांबल्या असत्या. @मंजिष्ठा ताई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

अजिंक्य

मी वापरतो. थिअरी माहीत नाही, पण वापरायला लागल्यापासून ऑफिसमधल्या मुली जास्त बोलतात हे खरं आहे. उगीच कशाला कुणी पैसे घालवेल?

मंजिष्ठा

अजिंक्य, तुझा अनुभव मी नाकारत नाही. ब्रिटनमध्ये क्रेग रॉबर्ट्स यांच्या गटाने २००९ साली काही मुलग्यांना सुगंधी स्प्रे दिला, काहींना बिनवासाचा. सुगंधी स्प्रेवाल्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास वाढला. मग त्यांचे आवाज बंद केलेले व्हिडिओ मुलींना दाखवले, वास पोचण्याचा प्रश्नच नव्हता, तरी मुलींना तीच मुलं अधिक आकर्षक वाटली. नुसत्या फोटोत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे बदल त्यांच्या वागण्यात, हालचालीत झाला होता. तुझं ताठ बसणं, हसून बोलणं त्या मुलींना आवडलं असेल, आणि त्याचं श्रेय तुझं आहे. दीडशे रुपयांच्या साध्या स्प्रेनेही तेच झालं असतं.

रूममेट

मग हॉस्टेलचं काय? आम्ही चौघी एका खोलीत राहायचो, काही महिन्यांत सगळ्यांची पाळी एकत्र यायला लागली. हे तर जगभरच्या मुली सांगतात.

मंजिष्ठा

ही समजूत १९७१ साली आली. मार्था मॅक्लिंटॉक यांनी अमेरिकेतल्या एका महिला कॉलेजच्या वसतिगृहातल्या १३५ मुलींच्या नोंदी 'नेचर'मध्ये छापल्या. २००६ साली चीनमध्ये वसतिगृहातल्या १८६ मुलींच्या वर्षभराच्या नोंदी पाहिल्या, तर तारखा जुळत नाहीत असं निघालं. कुणाचं चक्र २६ दिवसांचं, कुणाचं ३१. तारखा सरकत सरकत जवळ येतात, एकमेकींवर चढतात, पुन्हा लांब जातात. जवळ आल्या तो महिना आपल्या लक्षात राहतो.

सिस्टर नलिनी

बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षं काम करते, म्हणून या चर्चेत एक गोष्ट आणावीशी वाटते. तुम्ही सगळे स्त्री-पुरुषांच्या ओढीबद्दल बोलताय. वासाची खरी ताकद मला नवजात बाळात दिसते.

नुकतं जन्मलेलं बाळ आईच्या पोटावर ठेवलं, घाई केली नाही, तर ते हळूहळू सरकत स्तनाकडे जातं. १९९४ साली स्वीडनमध्ये एक साधा प्रयोग झाला. आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला. ३० बाळांपैकी २२ बाळांनी न धुतलेला निवडला. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागावर बारीक पुटकुळ्यांसारख्या ग्रंथी असतात. २००९ साली फ्रान्समध्ये त्यांचा स्राव तीन दिवसांच्या बाळांना हुंगवला, तोही दुसऱ्याच आईचा, आपल्या नव्हे. बाळं तोंड हलवायला लागली, जीभ बाहेर काढायला लागली.

दुसऱ्याच आईचा वास असून बाळाने प्रतिसाद दिला, हे महत्त्वाचं वाटतं. ही शिकलेली ओळख नाही. मंजिष्ठाताईंची अट बघितली तर हाच पुरावा तिच्या सर्वांत जवळ जातो. म्हणून घरच्या मंडळींना हात जोडून सांगते, पहिल्या तासात बाळंतिणीची छाती साबणाने घासू नका. तेल-पावडर तर नकोच.

गंधार

सिस्टर, धन्यवाद. मला हेच म्हणायचं होतं आणि मला ते इतकं नीट मांडता आलं नसतं.

@मंजिष्ठा, बाळाच्या नाकाला वास कळतो, मग मोठेपणी ते नाक जातं कुठे? लोक नेहमी सांगतात की माणसाचं व्होमेरोनेझल इंद्रिय, म्हणजे अनेक प्राण्यांच्या नाकात फेरोमोन ओळखणारा वेगळा भाग, निकामी झालंय, त्याची जनुकं मोडलीत, मेंदूकडे जाणारी वाटच नाही. मान्य. पण तुमच्याच उदाहरणातल्या डुकरिणीला अँड्रोस्टेनोन त्या इंद्रियाशिवाय कळतं, साध्या नाकाने. सशाच्या पिल्लांना आचळ शोधायला लावणारा रेणू २००३ साली सापडला, तोही साध्या नाकाचाच. म्हणजे ते इंद्रिय नाही हा पुरावा होऊ शकत नाही.

आणि इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले नोआम सोबेल? २०११ साली त्यांनी दाखवलं की बायकांचे खरे अश्रू हुंगल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरतं. अश्रूंना तर वासही येत नाही! २०२३ साली त्याच गटाने दाखवलं की अश्रू हुंगलेल्या पुरुषांचा खेळातला आक्रमकपणा ४० टक्क्यांहून अधिक घटला.

मंजिष्ठा

इंद्रियाबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणूनच मी तो मुद्दा मूळ लेखात घेतला नाही. बाळाच्या बाबतीत सिस्टरांशी पूर्ण सहमत, वायटही त्याच दिशेने शोधा म्हणतात. पण तिथेही रेणू अजून हाती नाही. अश्रूंचंही तेच. शिवाय अश्रू हुंगल्यावर बायकांचे चेहरे कमी आकर्षक वाटतात हा २०११चा भाग नेदरलँड्समधल्या गटाने पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो दिसला नाही. आणि हे सगळं ओढ कमी होण्याबद्दल आहे. बाटलीवाले विकतात ते याच्या उलट.

रेवती

तुम्ही सगळे 'नैसर्गिक वास' इतक्या प्रेमाने बोलताय, पण या देशात घामाच्या वासाने माणसाची पायरी ठरवली जाते. हमाल, बांधकामावरच्या बाया, कचरा उचलणारे लोकलमध्ये चढले की नाकाला रुमाल जातो. नुसता घाम जवळपास बिनवासाचा असतो. काखेतल्या वेगळ्या ग्रंथींचा स्रावही बाहेर येताना वासाचा नसतो. कातडीवरचे जिवाणू, त्यात स्टॅफिलोकोकस होमिनिस हा एक, तो स्राव फोडतात आणि गंधकयुक्त रेणू हवेत येतात. हे जिवाणू एसी केबिनमध्ये बसणाऱ्याच्या काखेतही असतात. फरक दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ करता येते का, एवढाच. एबीसीसी११ नावाच्या जनुकाचं एक रूप असलं तर काखेला वासच फारसा येत नाही आणि कानातला मळ कोरडा असतो. कोरियात बहुतेकांचं तसं आहे. ओढीचा रेणू शोधण्याआधी, किळस आपल्याला कुणी शिकवली ते बघायला हवं.

गंधार

@रेवती, पटलं. किळस शिकवलेली असते, मग आवडही बरीचशी शिकवलेली असणार, हे मला मान्य करावं लागेल. बायकोच्या जुन्या साडीचा वास मला आवडतो तो तिच्यासोबत राहून आवडायला लागला असेल.

तरी @मंजिष्ठा, तुमच्या 'सिद्ध झालेला नाही'पुढे मी 'अजून' हा शब्द लिहिणार. बॉम्बिकॉलला वीस वर्षं दिलीत, माणसाच्या नावावर पंचवीस वर्षं चुकीच्या दोन संयुगांवर गेली असं तुम्हीच म्हणता. म्हणजे खरा शोध नीट सुरूच झालेला नाही.

मंजिष्ठा

लिहा 'अजून', माझी हरकत नाही. सिस्टरांच्या वॉर्डातून सुरुवात झाली तर मला आनंदच होईल. पण तोवर विक्री कशाच्या आधारावर चालू आहे? पुढच्या आठवड्यात मुलांना त्यांच्या बाटल्या वर्गात आणायला सांगणार आहे. प्रत्येक बाटलीवरचे घटक फळ्यावर लिहू आणि 'फेरोमोन' म्हणून नेमकं कोणतं संयुग आहे ते शोधू. @वऱ्हाडी कास्तकार, बोंडअळीचं एक ल्यूर कुरिअरने पाठवाल का? शेजारी तेही ठेवायचं आहे.

वऱ्हाडी कास्तकार

पाठवतो ताई. पाकीट वर्गात फोडू नका, आणि हात लावला तर साबणाने धुऊन घ्या. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.