बुध दिसतो, फक्त घाई करा

वर एका भाऊंनी लिहिलंय की बुध साध्या डोळ्यांनी दिसतच नाही. दिसतो हो! आम्ही रामटेकच्या बाजूचे. फाल्गुनात गहू सवंगून हात-पाय धुतले, तर पश्चिमेला धुऱ्यावरच्या बाभळीच्या शेंड्याशी एक लालसर ठिपका. चहाची किटली रिकामी होईस्तोवर बुडालाही. सूर्यापासून तो २८ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून सगळा खेळ तासा-दीड तासाचा.

खरी गंमत त्याच्या दिवसाची. वर्ष ८८ दिवसांचं, पण एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत १७६ दिवस! आपल्याकडं पेरणीपासून कापूस वेचेपर्यंत तिथं एकच दिवस उलटतो. दुपारी ४३० अंश सेल्सिअस (आमचा मे महिना गरीबच म्हणायचा), तरी ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे. २०११ ते २०१५ त्याच्याभोवती फिरलेल्या मेसेंजर यानानं ते पक्कं केलं.

पुराणातला बुध म्हणजे चंद्र-तारेचा पोरगा, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथल्या विवरांना कवी-कलावंतांची नावं देतात, अन् त्यात एक कालिदास आहे. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर अडकला, तो आम्ही रामटेकचा गड मानतो. माझ्या वावरातून दिसतो तो.